कयाकमधून युकॉन : एकट्याच्या जलप्रवासाचे विज्ञान

आपली कृष्णा नदी महाबळेश्वरला उगम पावते. तेथून अरबी समुद्र अगदी जवळ. पण सह्याद्रीच्या उतारामुळे ती पूर्वेकडे वळते आणि सुमारे १,४०० कि.मी. वाहून बंगालच्या उपसागराला मिळते. कॅनडाच्या वायव्य कोपऱ्यात अशीच एक नदी आहे. तिचे नाव युकॉन. ज्या सरोवरांत तिचा उगम होतो त्यांच्यापासून पॅसिफिक महासागराचे पाणी पन्नास कि.मी.च्याही आत आहे. पण मध्ये डोंगरांची रांग आडवी उभी आहे. त्यामुळे ही नदी उत्तरेकडे, मग पश्चिमेकडे वळून, अलास्का ओलांडून, सुमारे ३,२०० कि.मी.नंतर बेरिंग समुद्राला मिळते.

ह्या नदीच्या वरच्या भागात व्हाइटहॉर्स नावाचे शहर आहे, आणि तेथून नदीमार्गाने सुमारे ७१५ कि.मी.वर डॉसन हे गाव आहे. उन्हाळ्यात बरेच लोक लहान होड्यांतून हा प्रवास करतात. त्यांपैकी काही जण अगदी एकटे जातात. वाटेत कारमॅक्स हे लहान गाव सोडले तर वस्ती जवळजवळ नाहीच. होडी उलटली तर हात द्यायला दुसरा माणूस नसतो, शिधा संपला तर दुकान नसते. म्हणून अशा प्रवाशाला पुष्कळसे निर्णय निघण्यापूर्वीच, कागद-पेन्सिल घेऊन करावे लागतात. त्यासाठी लागणारे विज्ञान तुमच्या शाळेतल्या पुस्तकात आहे. ते येथे कसे उपयोगी पडते ते आपण पाहू.

कयाक म्हणजे काय?

कयाक ही लांब, अरुंद आणि वरून झाकलेली होडी. उत्तर ध्रुवाजवळ राहणाऱ्या इन्यूइट लोकांनी ती शिकारीसाठी तयार केली. त्या प्रदेशात झाडे नाहीत. म्हणून समुद्रात वाहत आलेली लाकडे आणि हाडे ह्यांचा सांगाडा करायचा व त्यावर सीलचे कातडे ताणून शिवायचे, अशी त्यांची पद्धत होती. बसण्यापुरते एक भोक ठेवलेले असते. नावाडी पाय पुढे पसरून तळाशी बसतो आणि दोन्ही टोकांना पाती असलेले एकच वल्हे चालवतो.

नदीतून एकट्याने लांबचा प्रवास करण्याची आवड युरोपात पसरवली ती जॉन मॅग्रेगर ह्यांनी. त्यांनी कयाकवरून कल्पना घेऊन १५ फूट लांबीची एक लाकडी होडी बांधून घेतली आणि १८६५ साली ऱ्हाईन, डॅन्यूब इत्यादी नद्यांतून प्रवास केला. पुढे १९३२ साली ऑस्कर स्पेक हा जर्मन तरुण घडी घालता येणारी कयाक घेऊन उल्म गावी डॅन्यूब नदीत उतरला. भूमध्य समुद्र, युफ्रेटीस नदी, इराणचे आखात असे करत तो भारताच्या पश्चिम किनाऱ्यानेही गेला, आणि सात वर्षांनी, १९३९ साली, ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेकडील बेटांवर पोचला.

होडी किती बुडेल?

समजा, प्रवाशाचे वजन ६५ किलोग्रॅम, कयाकचे २५ आणि सामानाचे ४०. एकूण १३० किलोग्रॅम. आर्किमिडीजचे तत्त्व सांगते, की तरंगणारी वस्तू स्वतःच्या वजनाइतके पाणी बाजूला सारते. १३० किलोग्रॅम पाणी म्हणजे १३० लिटर, म्हणजेच ०·१३ घनमीटर. पाण्याच्या पातळीवर ह्या कयाकचे क्षेत्रफळ १·८ चौरस मीटर आहे असे धरू. मग ती किती बुडेल?

०·१३ ÷ १·८ = सुमारे ०·०७ मीटर, म्हणजे ७ सेंटिमीटर.

खरी होडी तळाशी निमुळती असते, म्हणून ती ह्याहून थोडी जास्त बुडेल. तरीही वीतभर पाणी तिला पुरते. सामान १८ किलोग्रॅमने वाढले तर ती आणखी १ सेंटिमीटर खाली जाईल. उथळ दगडांवरून जाताना हा एक सेंटिमीटरही मोलाचा असतो.

पण तरंगणे वेगळे आणि स्थिर राहणे वेगळे. कयाकची रुंदी अवघी ६० सेंटिमीटर असते. ती एका बाजूला कलली, की त्या बाजूचा अधिक भाग पाण्यात जातो. प्लावक बलाचा केंद्रबिंदू त्या बाजूला सरकतो आणि तेथून होडीला वर रेटतो. होडीचा गुरुत्वमध्य जितका खाली, तितका हा रेटा होडीला चटकन सरळ करतो. म्हणूनच जड सामान, म्हणजे पाणी, डबे, चूल, तळाशी आणि होडीच्या मध्यभागी ठेवतात. तंबू, कपडे अशा हलक्या वस्तू दोन्ही टोकांना भरतात. होडीत उभे राहिले की गुरुत्वमध्य वर जातो. मग काय होते ते सांगायला नको.

किती दिवस लागतील?

प्रवासी शांत पाण्यात तासाला ५ कि.मी. वेगाने वल्हवतो असे मानू. नदीच्या प्रवाहाचा वेग तासाला सरासरी ७ कि.मी. धरू. प्रवाहाच्या दिशेने जाताना दोन्ही वेगांची बेरीज होते. म्हणजे काठाच्या संदर्भात त्याचा वेग तासाला १२ कि.मी. ७१५ ला १२ ने भागले की साठ तासांच्या आत प्रवास संपेल, असे तुम्ही म्हणाल.

येथेच थांबा आणि नकाशा पाहा. व्हाइटहॉर्सहून निघाल्यावर थोड्याच अंतरावर लाबर्ज सरोवर लागते. त्याची लांबी सुमारे ५० कि.मी. आहे. नदीचे पाणी ह्या रुंद, खोल सरोवरात शिरले की त्याचा वेग जवळजवळ शून्य होतो. तेथे प्रवाशाजवळ फक्त स्वतःचा ५ कि.मी. वेग उरतो. म्हणून हिशेब दोन भागांत करायला हवा.

सरोवर : ५० ÷ ५ = १० तास.
नदी : ६६५ ÷ १२ = सुमारे ५५ तास.
एकूण सुमारे ६५ तास.

दिवसाला ७ तास वल्हवायचे ठरवले तर दहा दिवस लागतील. सरोवर हे एकूण अंतराचा केवळ चौदावा भाग आहे. पण वेळेपैकी जवळजवळ सहावा भाग ते घेते.

मग जोराने का वल्हवू नये? पाण्याचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. आणि त्यासाठी लागणारी शक्ती, म्हणजे दर सेकंदाचे काम, साधारणपणे वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. वेग ५ वरून ६ केला, म्हणजे १·२ पट केला, तर शक्ती १·२ × १·२ × १·२ = सुमारे १·७ पट लागेल. पण नदीतील प्रवासाचे तास किती वाचतील? ६६५ ÷ १३ = सुमारे ५१ तास. पंचावन्नातून फक्त चार तास वाचले! पाऊणपट जादा शक्ती खर्चून ही एवढीच कमाई. म्हणून जाणते नावाडी संथ, एकसारखे वल्हवतात.

आणखी एक गोष्ट. डॉसन ६४ अंश उत्तर अक्षांशावर आहे. जून महिन्यात तेथे सूर्य जेमतेम तीन तास क्षितिजाखाली जातो आणि पुरता काळोख होतच नाही. अंधार पडला की मुक्काम, हा आपला नेहमीचा नियम तेथे चालत नाही. दमलेला माणूस उजेड आहे म्हणून पुढे जात राहतो आणि थकव्यात चूक करतो. म्हणून थांबण्याची वेळ सूर्य पाहून न ठरवता घड्याळ पाहून ठरवावी लागते.

सरोवरातील वारा आणि थंड पाणी

खळाळत्या पाण्यापेक्षा लाबर्ज सरोवर बरे, असे वाटण्याचा संभव आहे. प्रत्यक्षात एकट्या प्रवाशाला ह्याच ठिकाणी सर्वांत जास्त जपावे लागते. वाऱ्याने उठणाऱ्या लाटांची उंची तीन गोष्टींवर अवलंबून असते : वाऱ्याचा वेग, तो किती वेळ वाहतो, आणि किती लांब मोकळ्या पाण्यावरून तो येतो. सरोवराच्या लांबीच्या दिशेने वारा सुटला तर त्याला पन्नास कि.मी. मोकळे पाणी मिळते. सकाळी निवांत असलेले पाणी दुपारी खवळते.

आणि हे पाणी उन्हाळ्यातही अतिशय थंड असते. पाण्याची उष्णतावाहकता हवेच्या सुमारे २५ पट आहे. म्हणून १० अंश तापमानाच्या हवेत सदरा घालून हिंडणारा माणूस १० अंशांच्या पाण्यात पडला तर फार लवकर गारठतो. कॅनडातील मॅनिटोबा विद्यापीठाचे प्राध्यापक गॉर्डन गीसब्रेख्ट ह्यांनी अशा पाण्यात शरीराचे काय होते ह्याचा अभ्यास केला आहे. त्यांनी लोकांना लक्षात ठेवायला सोपा असा नियम सांगितला : एक, दहा, एक.

पहिले एक मिनिट : गारठ्याच्या धक्क्याने धाप लागते. तोंडात पाणी जाऊ न देता श्वास ताब्यात आणायचा, एवढेच त्या मिनिटाचे काम.
पुढची दहा मिनिटे : हातापायांत बळ असते. स्वतःला वाचवण्याची धडपड ह्याच वेळात करायची.
त्यानंतर एक तास : हातपाय निकामी होतात, पण शरीराचे तापमान घसरून शुद्ध हरपायला सुमारे तासभर लागतो. अंगात तरंगजाकीट असेल तरच हा तास मिळतो.

आता हिशेब करा. जड कपडे आणि जाकीट घातलेला, गारठलेला माणूस मिनिटाला २० मीटर पोहू शकेल असे धरले, तर दहा मिनिटांत तो २०० मीटर जाईल. सरोवर काही ठिकाणी ५ कि.मी. रुंद आहे. मधोमध होडी उलटली तर काठ गाठणे अशक्य. म्हणून एकट्याने सरोवराच्या काठाकाठाने, शंभर मीटरांच्या आत राहूनच जायचे, पहाटे लवकर निघायचे आणि वारा सुटताच काठाला लागायचे. काठाच्या वळणांमुळे अंतर वाढते, वेळ वाढतो. पण हा वेळ वाया गेला असे कोणी म्हणू नये.

वाहत्या पाण्याची ओळख

सरोवर संपले, की स्वच्छ आणि वेगवान पाण्याचा सुमारे ४८ कि.मी.चा पट्टा लागतो. व्हाइटहॉर्सजवळ नदीची उंची समुद्रसपाटीपासून सुमारे ६३० मीटर आहे, डॉसनजवळ ३२० मीटर. म्हणजे ७१५ कि.मी.त सुमारे ३१० मीटर उतार. दर किलोमीटरला सरासरी ४३ सेंटिमीटर. हा आकडा लहान दिसतो, पण पाण्याला तासाला ७ कि.मी. पळवायला तो पुरेसा आहे.

नदीत सगळीकडे वेग सारखा नसतो. तळ आणि काठ ह्यांच्या घर्षणामुळे तेथे पाणी हळू वाहते, मध्यभागी जोरात. वळणावर मात्र जोराचा प्रवाह बाहेरच्या काठाकडे जातो. तेथे काठ पोखरला जातो, पाणी खोल होते; आतल्या बाजूला वाळू साचते. जलद जायचे असेल तर बाहेरची बाजू चांगली. पण काठ पोखरला गेल्यामुळे झाडे उन्मळून पाण्यात पडतात, तीही ह्याच बाजूला. अशा झाडाच्या फांद्यांतून पाणी गाळणीतून गेल्यासारखे निघून जाते. होडी आणि माणूस मात्र अडकतात.

अडकलेल्या होडीवर पाण्याचा रेटा किती असेल? ०·५ चौरस मीटर पृष्ठभागावर सेकंदाला २ मीटर, म्हणजे तासाला ७·२ कि.मी. वेगाने पाणी आदळते असे धरू.

बल = ½ × पाण्याची घनता × क्षेत्रफळ × वेगाचा वर्ग
= ½ × १,००० × ०·५ × ४ = १,००० न्यूटन.

म्हणजे जवळजवळ १०० किलोग्रॅम वजनाइतका रेटा, आणि तोही न थांबता. एकट्या माणसाला तो हटवता येत नाही. पाण्याचा वेग निम्मा असता तर रेटा पाव झाला असता. ह्यावरून एक धडा निघतो : अडकल्यावर सुटण्यापेक्षा दोनशे मीटर आधीच झाड पाहून बाजूला होणे सोपे.

कारमॅक्सच्या पुढे ‘फाइव्ह फिंगर’ म्हणजे पाच बोटे नावाचा द्रुतवाह आहे. नदीत चार खडक उभे आहेत आणि त्यांमुळे पाण्याच्या पाच वाटा झाल्या आहेत. नदीतून दर सेकंदाला जाणारे पाणी तेवढेच राहते. वाट अरुंद झाली की वेग वाढतो. छेदाचे क्षेत्रफळ निम्मे झाले तर वेग दुप्पट होतो. बागेतल्या रबरी नळीचे तोंड दाबून तुम्ही हे पाहिलेच असेल. ह्या पाच वाटांपैकी अगदी उजवीकडची वाट सुरक्षित मानली जाते, म्हणून द्रुतवाह दिसण्याच्या बराच आधी उजव्या काठाला लागावे लागते.

‘बराच आधी’ म्हणजे किती? समजा ४०० मीटर रुंद नदी आडवी ओलांडायची आहे. वल्ह्याचा वेग तासाला ५ कि.मी. आणि प्रवाहाचा ७. जितक्या वेळात होडी ४०० मीटर आडवी जाते तितक्याच वेळात प्रवाह तिला ४०० × ७ ÷ ५ = ५६० मीटर खाली नेतो. डॉसनही उजव्या काठावरच आहे. शेवटच्या दिवशी गाव दिसल्यावर डाव्या काठावरून वळणारा प्रवासी गावापुढे वाहत जातो!

नदी सांगते तो इतिहास

फोर्ट सेलकर्क ह्या जुन्या ठाण्याच्या पुढे व्हाइट नदी युकॉनला मिळते. तिच्या पाण्यात हिमनद्यांनी दळलेल्या खडकाचे पीठ आणि ज्वालामुखीची राख असते. संगमानंतर युकॉन गढूळ होते. गाळाचे कण होडीच्या तळाला घासून बारीक सरसर आवाज येतो. हे पाणी पिण्यासाठी रात्रभर भांड्यात निवळत ठेवावे लागते. निवळलेले पाणीही जंतुरहित नसते. ते उकळलेच पाहिजे.

काठाच्या दरडीत मातीच्या थरांमध्ये बऱ्याच ठिकाणी राखेचा एक पांढरा पट्टा दिसतो. सुमारे ११५० वर्षांपूर्वी अलास्कातील माउंट चर्चिल ज्वालामुखीचा मोठा उद्रेक झाला, त्याची ही खूण. ह्याच उद्रेकाची राख ग्रीनलंडच्या बर्फात आणि उत्तर युरोपातही सापडली आहे.

नदीला माणसांचाही इतिहास आहे. १८९६ साली डॉसनजवळ सोने सापडले आणि १८९८ च्या वसंतात बर्फ फुटताच सुमारे सात हजार होड्या ह्या नदीतून निघाल्या. व्हाइटहॉर्सजवळच्या द्रुतवाहात होड्या फुटू लागल्या, माणसे बुडाली. तेव्हा पोलिसांनी प्रत्येक होडीला क्रमांक दिला, तिच्यातील माणसांची नावे लिहून घेतली आणि जाणत्या नावाड्याशिवाय द्रुतवाहात उतरायला बंदी केली. १९५८ साली बांधलेल्या धरणाच्या पाण्याखाली तो द्रुतवाह गेला. पण नाव नोंदवण्याची रीत अजूनही उपयोगी आहे. एकटा जाणारा शहाणा प्रवासी आपला मार्ग, मुक्काम आणि पोचण्याची तारीख कोणाजवळ तरी लिहून देतो. त्या तारखेनंतर शोध कोठून सुरू करायचा हे त्यामुळे कळते. आता उपग्रहाद्वारे निरोप पाठवणारी लहान यंत्रेही मिळतात. परंतु यंत्र भिजते, बॅटरी संपते. कागदावरची तारीख संपत नाही.

शिदोरी आणि उलटा प्रवासी

दिवसभर वल्हवणाऱ्याला सुमारे ४,००० किलोकॅलरी लागतात असे धरू. एक ग्रॅम पिष्टमय पदार्थापासून ४ किलोकॅलरी मिळतात, स्निग्ध पदार्थापासून ९. तांदूळ, डाळ, सुका मेवा असे कोरडे अन्न रोज एक किलोग्रॅम पुरते. प्रवास दहा दिवसांचा. पण वाऱ्याने सरोवरावर अडकून पडण्याचा संभव धरून तीन दिवसांचे जास्त घ्यायचे. म्हणजे तेरा किलोग्रॅम. वजन वाढते म्हणून हे तीन दिवस कापायचे नसतात.

ह्याच नदीत उलट्या दिशेने जाणारा एक प्रवासी आहे. चिनूक जातीचा सॅमन मासा समुद्रातून निघून प्रवाहाविरुद्ध सुमारे ३,००० कि.मी. पोहत व्हाइटहॉर्सच्याही पुढे अंडी घालायला जातो. वाटेत तो काही खात नाही. शरीरातल्या चरबीवर सगळा प्रवास करतो. धरण ओलांडता यावे म्हणून त्याच्यासाठी पाण्याच्या पायऱ्यांचा मार्ग केलेला आहे. ह्या माशांची संख्या फार घटल्यामुळे २०२४ साली अलास्का आणि कॅनडा ह्यांनी सात वर्षे त्याची मासेमारी थांबवण्याचे ठरवले. सात वर्षे म्हणजे ह्या माशाच्या एका पिढीचा काळ.

करून पाहा

१. शिक्षकांना बरोबर घेऊन एखाद्या सरळ कालव्याच्या किंवा ओढ्याच्या काठी जा. पावसाळ्यात पूर असताना जाऊ नका, आणि पाण्यात उतरू नका. काठावर १० मीटर अंतराच्या दोन खुणा करा. पाण्यात एक संत्रे टाकून ते हे अंतर किती सेकंदांत जाते ते तीन वेळा मोजा आणि सरासरी काढा. हा पृष्ठभागाचा वेग झाला. त्याला ०·८५ ने गुणले, की संपूर्ण प्रवाहाचा सरासरी वेग अंदाजे मिळतो. मध्यभागाचा आणि काठाजवळचा वेग वेगवेगळा मोजून तुलना करा.

२. तीन बरण्यांत पाणी घेऊन एकीत वाळू, दुसरीत शेतातली माती आणि तिसरीत शाडू टाका. ढवळून ठेवा आणि प्रत्येक पाणी किती वेळात निवळते ते नोंदवा. कणांचा आकार आणि निवळण्याचा वेळ ह्यांचा काय संबंध दिसतो?

स्वाध्याय

१. शांत पाण्यात एक होडी तासाला ६ कि.मी. जाते. नदीचा वेग तासाला ४ कि.मी. आहे. ३० कि.मी. खाली जाऊन परत येण्यास एकूण किती वेळ लागेल? शांत पाण्यात तेवढ्याच अंतरास किती लागला असता?

२. होडी, माणूस आणि सामान मिळून १२० किलोग्रॅम. पाण्याच्या पातळीवर होडीचे क्षेत्रफळ १·६ चौरस मीटर. ती अंदाजे किती बुडेल?

३. प्रवाहाचा वेग सेकंदाला १ मीटरवरून ३ मीटर झाला, तर अडकलेल्या होडीवरील रेटा किती पट होईल?

४. नदी ३०० मीटर रुंद, प्रवाह तासाला ८ कि.मी., वल्ह्याचा वेग ५ कि.मी. आडवे ओलांडताना होडी किती खाली वाहत जाईल?

उत्तरे : १. १८ तास, १० तास. २. ७·५ सेंटिमीटर. ३. ९ पट. ४. ४८० मीटर.